टेपमधलं पाणी

त्रिंबकाची जीप दारात उभी राहिली आणि मागच्या सीटवरून भला थोरला रंगीत टीव्ही उतरला, तेव्हाच महानंदानं ओळखलं, आज आपलं काही खरं नाही. धाकटा दीर वडिलांच्या पुण्यस्मरणाला माजलगावहून येणार हे ठरलेलंच होतं. पण पुण्यस्मरणाला माणूस नारळ आणतो, फार तर अर्धा किलो खवा आणतो. टीव्ही घेऊन कोण येतं?

त्रिंबकानं चपला काढता काढताच सांगून टाकलं. "वैनी, आज अप्पांची टेप बाहेर काढायची. चार वाजता चारा छावणीवर ह्या टीव्हीवर सगळ्यांला दाखवू, मग मी ती माजलगावला नेतो. सीडी करून घेतो. टेपचा काय भरवसा?"

महानंदा पुरणाला चटका देत होती. तिनं मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. पण दीर समाधानानं पाय धुवायला गेला, आणि पाय धुवायला तांब्याऐवजी वाटी मिळाली तेव्हा आपण वडवणीत आहोत हे त्याला आठवलं. माजलगावला धरण आहे, ऊस आहे, कालव्याला कमी का होईना पाणी आहे. इथं टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तोही मनात आलं तर.

आता ही टेप म्हणजे काय, ते सांगायलाच हवं, नाहीतर महानंदा एवढी का घाबरली ते कळायचं नाही.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या सासऱ्यांनी, शिवलिंगप्पांनी, लातूरच्या एका रेडिओ मेकॅनिककडून ट्रंकेएवढं एक यंत्र करून आणलं. टीव्हीवर चित्र पाठवायचं यंत्र. ताकद म्हणाल तर दहा वॅट, म्हणजे देवघरातला बल्ब बरा. बाजारपेठेत भुसारीचं दुकान असलेल्या माणसाला हे काय सुचलं म्हणून गाव हसलं. पण अप्पा दूध संस्थेचे पहिले सचिव. संस्थेनं पाण्याच्या टाकीवर अँटेना लावू दिला आणि दुधाची फॅट तपासायची जुनी खोली देऊन टाकली. तिथून ‘शिवप्रभात’ सुरू झालं. दोन-तीन कोसांत चित्र दिसायचं, पुढं नुसत्या मुंग्या. परवान्याचं कुणी विचारलं तर अप्पा म्हणत, देवाला हात जोडायला परवाना लागतो का? आणि सरकारच्या कानापर्यंत जाईल एवढा आवाजच नव्हता त्या यंत्राचा, त्यामुळं सरकारही निवांत होतं.

सकाळी सहाला इष्टलिंग पूजा, गळ्यात बांधलेलं लिंग तळहातावर घेऊन करायची. संध्याकाळी गावातल्या मंडळांचं भजन, कधी लिंगायतांची वचनं, कधी मराठ्यांचे अभंग, अप्पांनी भेद केला नाही. मधल्या वेळात दूध संस्थेची पाटी. खरोखरची पाटी, खडूनं लिहिलेली. दूध किती वाजता घेणार, टँकर कोणत्या वारी येणार, ते लिहायचं आणि पाटी कॅमेऱ्यासमोर उभी करायची. गावातल्या कितीतरी बायांना पूजा आणि टँकर हे एकाच कार्यक्रमाचे दोन भाग वाटत.

पूजेत अप्पा स्वतःचं तोंड कधी दिसू देत नसत. पूजा लिंगाची आहे, माझ्या थोबाडाची नाही, म्हणत. पडद्यावर फक्त डावा तळहात, त्यावर लिंग, भगव्या शालीचं टोक आणि उजव्या हातानं सोडलेली पाण्याची धार. पुढं गुडघे गेले, रोज खोलीवर येणं होईना, तेव्हा ह्याच त्रिंबकानं कुणाचा तरी कॅमेरा आणून एका सकाळची सगळी पूजा टेपवर घेतली. त्या वर्षी आडाला पायरीपर्यंत पाणी होतं. अप्पांनी हात सैल सोडून धार धरली होती, तळहात भरून पाणी खालच्या ताटात सांडत होतं. तीच टेप रोज लागायला लागली. दोन वर्षांपूर्वी अप्पा गेले. लिंगायतांच्या रीतीनं त्यांचं लिंग त्यांच्या तळहातावर ठेवूनच माती दिली. टेप मात्र चालूच राहिली, रोज पहाटे खोलीवर जाऊन ती लावायचं काम महानंदाकडं आलं. म्हाताऱ्या बाया टीव्हीसमोर पाण्याचा तांब्या भरून ठेवायच्या आणि पूजा संपली की ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायच्या. महानंदाच्या सासूबाई, दानम्मा, त्या तीर्थाशिवाय चहालासुद्धा शिवत नव्हत्या.

आणि ती टेप गेल्या दिवाळीनंतरच्या एका सोमवारी, सहाला पंधरा मिनिटं कमी असताना, मशीननं खाल्ली होती.

महानंदानं ती ओढून काढली, चिकटपट्टीनं जोडून पाहिली. चित्राच्या जागी राखाडी भुरभुर. सहा वाजायला आले होते. घरी अव्वा, म्हणजे सासूबाई, तांब्या मांडून बसल्या असणार हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. भजन टिपायचा कॅमेरा कोपऱ्यात होता. अप्पांची शाल खुंटीला होती. पूजेचा आवाज टेप घेतली त्याच दिवशी ऑडिओ कॅसेटवर उतरवून ठेवलेला, तो धड होता. तिनं कॅमेरा स्टुलावर ठेवला, हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवून खिडकीत ठेवल्या, स्वतःच्या गळ्यातलं लिंग सोडून तळहातावर घेतलं आणि अप्पांच्या आवाजावर पूजा केली.

संध्याकाळी सांगून टाकू असं तिनं ठरवलं होतं. पण दुपारी अव्वा आपणहून म्हणाल्या, "आज पूजा लई चांगली झाली." मग कसं सांगायचं? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. मग पौष गेला, माघात दूध संस्थेनं आपल्या माळावर जनावरांची चारा छावणी उघडली, शेकडो जनावरं आणि त्यांच्यामागं आलेली माणसं तिथं राहायला लागली, छावणीतही एक टीव्ही लागला. आता चैत्र. पाच महिने महानंदा रोज खोटं बोलत होती. तोंडानं एक शब्दही न बोलता.

जेवणं झाल्यावर माजघरात बैठक बसली. आष्टीला दिलेली थोरली नणंद, केसरबाई, सकाळच्या गाडीनं आली होती. त्रिंबकानं आता पुढची गोष्ट काढली. नुसती टेपच नाही, यंत्रसुद्धा माजलगावला नेऊ म्हणाला. "इथं बघायला हाय कोण, दादा? अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला गेलं, अर्धं छावणीत. तिथं बघणारी माणसं हायेत."

केसरबाईला ते पटलं. आष्टीला ‘शिवप्रभात’ कधी दिसलंच नव्हतं, तिला माहेरचं हे वैभव ऐकूनच ठाऊक. सीडी झाली तर आपल्यालाही एक मिळेल, जावांना दाखवता येईल, असा तिनं मनात हिशेब केला आणि धाकट्या भावाची बाजू घेतली. महानंदाचा नवरा पंचाक्षरी हा मुळात हो म्हणणारा माणूस. तो त्रिंबकालाही हो म्हणाला, केसरअक्कालाही हो म्हणाला, आणि मग बायकोचं तोंड पाहून आपण काहीतरी चुकलो एवढं त्याला कळलं. काय चुकलो ते कळलं नाही.

दानम्मा भिंतीला टेकून बेलाची पानं निवडत होत्या. त्रिंबकानं विचारलं, अव्वा, तुजं काय म्हणणं? त्यांनी एक कीड लागलेलं पान बाजूला टाकलं आणि म्हणाल्या, "खोलीची किल्ली महानंदाकडं हाय. तिला इचारा."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. महानंदा म्हणाली, टेप खोलीवर आहे, घेऊन येते. आणि नवऱ्याला डोळ्यानं खुणावून बाहेर पडली.

खोलीत अजूनही आंबूस दुधाचा आणि ॲसिडचा वास होता. महानंदानं कडी लावली, फळीवरचा डबा उघडला आणि टेपचा तो गुंतवळा पंचाक्षरीच्या हातात दिला. सगळं सांगितलं. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

पंचाक्षरी रिकाम्या कॅनवर बसला. पहाटे पाचपासून तो शेजारच्याच शेडमध्ये दूध मोजायला उभा असायचा. मधे एक भिंत. पाच महिने.

"मला बी न्हाई सांगितलंस," तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला, म्हणून तिला जास्त लागलं.

"तुमी कुणाला न्हाई म्हणू शकत न्हाई. कुणी नीट इचारलं असतं तर सांगून टाकलं असतं तुमी."

हे खरंच होतं. त्यानं मान खाली घातली. टेपची पट्टी बोटाला गुंडाळता गुंडाळता त्याला एकदम सुचलं. उंदरानं खाल्ली म्हणू. काल रात्री खाल्ली. कुणाचा दोष नाही, कुणाला शंका नाही, अव्वाला थोडं वाईट वाटेल, पण होईल सगळं नीट. पंचाक्षरीच्या आयुष्यातली ही पहिली लबाडी, आणि ती त्यानं बायकोसाठी शोधून काढली होती. महानंदाला त्या क्षणी नवऱ्याची माया आली.

"आणि उद्या सकाळी सहाला काय दाखवायचं?" तिनं विचारलं.

काल टेप गेली म्हटल्यावर उद्या पूजा बंद. यंत्र माजलगावला. पहाटे उठून या खोलीत येणं, दिवा लावणं, तळहातावर लिंग घेणं, सगळं बंद. महानंदाला वाटत होतं की तिला फक्त पकडलं जायची भीती आहे. आता कळलं, तसं नव्हतं. ही पूजा तिला सोडवत नव्हती. लग्न होऊन आल्यापासून या घरात तिनं जे जे केलं, ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं. दुकान सासऱ्यांचं, स्वयंपाकघर सासूचं. सकाळची ती बावीस मिनिटं तिची होती, आणि तीच नेमकी दुसऱ्याच्या नावावर होती.

"मी खरं सांगते," ती म्हणाली. "उंदराला कावून मधी आणायचं?"

पंचाक्षरी उठला. त्यानं तो गुंतवळा पुन्हा डब्यात ठेवला, डबा स्वतःच्या काखेत मारला आणि म्हणाला, "मी संगं हाय." आणि खरंच तो छावणीपर्यंत तिच्या मागं न राहता बरोबरीनं चालला.

छावणीवर पत्र्याच्या शेडखाली सत्तर-ऐंशी माणसं जमली होती. नवा टीव्ही बाजेवर मांडलेला. दूध संस्थेचे चेअरमन बबनराव खुर्चीत बसले होते, दानम्मांनाही खुर्ची दिली होती. बाया सवयीनं आपापले तांबे घेऊन आल्या होत्या. मागं जनावरं उसाचं वाढं चघळत होती.

महानंदानं डबा बाजेवर ठेवला आणि झाकण काढलं. त्रिंबक आत पाहतच राहिला. तिनं पदर खांद्यावरून नीट घेतला आणि पहिल्यांदा अव्वाकडं पाहून बोलली. टेप दिवाळीनंतरच गेली. तेव्हापासून अप्पांचा फक्त आवाज आहे. हात माझा आहे. लिंगही माझं. तुम्हाला सगळ्यांना मी फसवलं.

मागं कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली.

पहिल्यांदा केसरबाई बोलली. देवाच्या कामात असलं नाटक, अप्पांच्या नावावर, असं तिनं सुरू केलं. त्रिंबकानं डब्यातली पट्टी उचलली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तेवढ्यात खालून, पुढच्याच रांगेतून, साखराबाई नावाची एक वाळकी म्हातारी हसली. दोन म्हशी घेऊन माघापासून छावणीत राहणारी गावातलीच बाई, तोंडात दात मोजून चार.

"आगं लेकी," ती म्हणाली, "आमाला म्हाईत हाय की."

महानंदाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

साखराबाईनं आपला तांब्या मांडीवर घेतला आणि सगळ्यांना समजेल असं सांगितलं. अप्पांची पूजा तिनं वर्षानुवर्षं पाहिली होती. पाणी कसं धो धो. तळहात भरायचा, ताट भरायचं. मग दिवाळीनंतर धार बारीक झाली. पौषात नुसती करंगळीएवढी. छावणी लागली तेव्हा तांब्या गेला, पळी आली. आता चैत्रात एक पळी, तीही थेंब थेंब, आणि खालचं ताट जाऊन तिथं वाटी.

"टेपमधलं पाणी आटतं व्हय, बाई?" साखराबाई म्हणाली. "पाणी आटलं म्हंजी माणूस जित्तं हाय, आन् आपल्याच गावात हाय, एवढं कळंना का आमाला?"

शेडभर हसू पसरलं. बबनराव खुर्चीतल्या खुर्चीत हलले आणि म्हणाले, त्यांच्या मंडळींनी त्यांना होळीलाच सांगितलं होतं. कुणीतरी मागून म्हणालं, आमच्यात तर पळी बघूनच पळी सुरू झाली, आधी तांब्याभर पाणी जायचं देवाला. महानंदा उभीच. टँकर येईना म्हणून घरी जसं जपून वापरत होती, तसंच हात पूजेतही आपोआप आखडला होता. पाच महिने तिनं बांगड्या लपवल्या, तोंड लपवलं, खोकलासुद्धा दाबून ठेवला, आणि पाण्याचं तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिला हसू आलं, ते थांबेचना. पंचाक्षरीनं तिला बाजेच्या कडेला बसवलं.

केसरबाईनं इकडं तिकडं पाहिलं. सगळं गाव एकीकडं आहे हे दिसल्यावर तीही तिकडंच झाली. मी तरी कुठं काय म्हणाले, महानंदाचा हात आहेच मुळी देवाचा, असं तिनं शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं.

राहिला त्रिंबक. तो डब्यातली पट्टी हातात घेऊन उभा होता. "मला सीडी-बिडी काई नको होतं, वैनी," तो हळूच म्हणाला. "अप्पा गेले तवा मी कालव्यावर होतो. आमच्या पाळीचं पाणी होतं त्या दिवशी. आलो तवा माती देऊन झालती. मला त्यांचे हात बघायचे होते. बस."

बबनरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. महानंदा उठली. खोलीवर जाऊन ती ऑडिओ कॅसेट घेऊन आली आणि दिराला म्हणाली, भावजी, जीपमध्ये टेप वाजतो ना?

जीपची दारं उघडी टाकून त्यांनी कॅसेट लावली. अप्पांचा आवाज आला, जाड, थोडा कफ धरलेला. मंत्र सुरू झाले. त्रिंबक स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. पाच-सहा मिनिटांनी मंत्र मधेच थांबला आणि अप्पा रोजच्या बोलण्याच्या सुरात म्हणाले, "त्रिंबका, सरक जरा. उजेड अडतोय तुजा." मग पुन्हा मंत्र.

वडवणीतल्या माणसांना ते पाठ होतं. चार वर्षं रोज सकाळी अप्पा धाकट्या लेकाला बाजूला सरकवत आले होते, पोरंबाळं त्यावर हसायची. महानंदानं ते वाक्य कधी कापलं नव्हतं. फक्त ते टेपवर राहिलंय हे त्रिंबकालाच माहीत नव्हतं, कारण टेप घेतल्यावर तो माजलगावला गेला आणि तिथं ‘शिवप्रभात’ पोचत नव्हतं. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मोकळा रडला, आणि कुणी त्याला गप्प केलं नाही. डोकं वर केलं तेव्हा त्याचा चेहरा सकाळपेक्षा कितीतरी हलका दिसत होता.

यंत्राचं मग कुणी नावही काढलं नाही. कॅसेटची एक नक्कल त्रिंबकाला करून द्यायची आणि रंगीत टीव्ही छावणीतच राहू द्यायचा, एवढं बबनरावांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. दूध संस्थेची सभासुद्धा इतक्या लवकर कधी उरकली नव्हती.

घरी परतताना दानम्मांनी सुनेचा हात धरला. एवढ्या सगळ्यात त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या, आणि महानंदाचा जीव अजून तिथंच अडकला होता. गाव काय म्हणतं ते म्हणू दे. रोज सकाळी नवऱ्याच्या हातासमोर बसून तीर्थ घेणाऱ्या बाईचं काय?

"अव्वा," ती म्हणाली, "तुमाला वाटत आसंल, मी तुमचा..."

"त्यांचं लिंग त्यांच्या हातावर मातीत गेलं. मीच ठिवलंय ते." दानम्मा चालत राहिल्या. "पयल्याच दिवशी वळखलं मी. घरी आलीस, तर मनगटावर बांगड्यांचा वळ, आन् बांगड्या उलट्यासुलट्या भरलेल्या. म्हणलं हिचं हिला सांगू दे. चांगली झाली पूजा म्हणलं ते तुलाच म्हणलं, तर तू रडकं तोंड करून चुलीपाशी गेलीस."

महानंदा रस्त्यातच थांबली. दानम्माही थांबल्या. त्यांनी सुनेच्या मनगटावरच्या बांगड्या एकेक करून सारख्या केल्या.

"पाच म्हैने मी त्या पडद्यावर सवाशिणीचा उघडा हात बघतीय. दर सकाळी काळजात चर्र होतं माज्या. बाकी काई न्हाई म्हणायचं मला. उद्यापासनं बांगड्या उतरवू नकोस."

दुसऱ्या दिवशी सहाला ‘शिवप्रभात’ लागलं. तळहात आला, लिंग आलं, पळीभर पाणी थेंब थेंब पडलं. आणि अप्पांच्या आवाजाच्या खाली, दहा वॅटच्या ताकदीनं, दोन-तीन कोसांपर्यंत काचेच्या बांगड्या किणकिणल्या. घरी दानम्मांनी तीर्थ घेतलं, तांब्या पालथा घातला आणि धाकट्या लेकाला म्हणाल्या, आता चहा ठेव.